परटिणीचं पुढे काय झालं

स्वरदा निमकर लग्न होऊन लखनौला आली आणि वर्षभरातच जुन्या शहरातल्या चौक भागातल्या गल्ल्यांच्या प्रेमात पडली. माहेर साताऱ्याचं. सासरे दीनानाथ रेल्वेत इंजिनिअर म्हणून इथे आले आणि इथलेच होऊन गेले. निवृत्तीनंतर सरोजिनी नगरात, कानपूर रोडपासून जरा आत, त्यांनी घर बांधलं. नवरा ऋषभही रेल्वेतच. तो वाढला लखनौत, त्यामुळे आईनं मराठीत विचारलं की हा हिंदीत उत्तर देणार. सासूबाई पद्माताई स्वभावानं वाईट नव्हत्या, पण चार बायका काय म्हणतील याचा धाक त्यांना देवापेक्षा जास्त होता.

ब्याण्णवच्या डिसेंबरात, एका रविवारी, स्वरदा साडी घेऊन चौकात गेली होती. पांढऱ्या साडीवर चिकनच्या भरतकामाची बारीक वेल काढून हवी होती. कारागिराशी बोलणं चाललं असतानाच अयोध्येची बातमी शहरात शिरली. बघता बघता दुकानांची शटरं धडाधड खाली आली. रिक्षावाले सवारी न घेताच पळू लागले. स्वरदा गोल दरवाजाशी उभी राहिली आणि तिला कळेना, कुठल्या बाजूला जायचं. तेवढ्यात कुणीतरी तिचं मनगट धरलं.

"बीबी, खड़ी मत रहो. इधर आओ."

पन्नाशीची बाई होती. चष्मा, करड्या रंगाची शाल, खांद्याला शबनम पिशवी. तिनं स्वरदाला जवळजवळ ओढतच एका बोळात नेलं, एका दारातून आत ढकललं आणि कडी लावली. त्या तसनीम आपा. मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि उर्दूत कथा लिहायच्या. घरात त्या आणि त्यांची म्हातारी आई, जिला सगळी गल्ली अम्मी म्हणायची. संध्याकाळी जुन्या शहरात कर्फ्यू लागला.

शेजारच्या हकीमसाहेबांकडे फोन होता. भिंतीवरून निरोप जाऊन, मागच्या दारानं जाऊन, स्वरदानं घरी कळवलं. दीनानाथांनी फोन उचलला. "सुखरूप आहेस ना? मग तिथेच थांब. बाहेर पाऊल टाकू नकोस," एवढंच ते म्हणाले.

रात्री अम्मीनं ट्रंकेतून एक कोरं पातेलं काढलं. लेबलसुद्धा निघालेलं नव्हतं. "बेटी, ये कोरा है. किसी ने छुआ नहीं. अपने हाथ से बना लो," असं म्हणून तिनं डाळ-तांदूळ पुढे ठेवले आणि स्वतः चुलीपासून दूर जाऊन बसली. स्वरदानं खिचडी केली. पण ती तिला गोड लागली नाही. बाहेर काय चाललंय या भीतीनं नव्हे, तर त्या दूर जाऊन बसण्यानं. दुसऱ्या दिवशी तिनं ते पातेलं उचलून ठेवलं आणि अम्मीच्या हंडीतलीच डाळ वाढून घेतली. अम्मीनं तिच्या ताटात आणखी एक पळी वाढली.

कर्फ्यूत वेळ जाता जात नाही. आपा बोलत बसायच्या. त्यांना रामायण असं पाठ होतं की स्वरदा तोंडात बोट घालायची. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून रामलीला पाहिलेली, मग शाळेत शिकवताना मिळेल ते वाचलेलं.

"हमारे शहर का नाम ही लक्ष्मण से है," आपा म्हणाल्या. "सीताजी को छोड़ने जो रथ गया था, मैं बचपन में सोचती थी, यहीं हमारी गली के पास से गया होगा. अच्छा, वो धोबी वाला क़िस्सा तुम लोग कैसे सुनाते हो?"

स्वरदानं आई सांगायची तसं सांगितलं. परटाची बायको रात्री घरी आली नाही. सकाळी आली तर त्यानं दारातूनच हाकललं. म्हणाला, बाहेर राहिलेल्या बायकोला घरात घ्यायला मी काय राम आहे? ते बोलणं रामाच्या कानावर गेलं आणि सीता वनात गेली.

"और धोबन?" आपांनी विचारलं.

"कोण?"

"धोबी की बीवी. उसका क्या हुआ?"

 ही गोष्ट स्वरदानं किती वेळा ऐकली असेल, सांगितली असेल. पण परटिणीचं पुढे काय झालं, हा प्रश्न तिला आजवर पडलेलाच नव्हता.  एवढी मोठी कथा, एवढे लोक ती सांगणारे, आणि जिच्या दारात ती कथा वळली ती बाई अशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हरवली होती.

"मराठी में क्या कहते हैं धोबन को?"

"परटीण."

"परटीन," आपा म्हणाल्या. त्यांना शेवटचं अक्षर जमेना. दोघी हसल्या.

कर्फ्यू सैल झाला तसे दीनानाथ स्वतः येऊन सुनेला घेऊन गेले. दारात उभं राहून त्यांनी आपांना हात जोडले. घरी पोचल्यावर पद्माताईंनी तिला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि मग विचारलं, "जेवलीस काय तिथे?"

"डाळ, रोटी. अम्मीनं केलेली."

पद्माताईंचा हात तिच्या पाठीवरून हळूच निघाला.

भांडण कुणी केलं नाही. तसं झालं असतं तर बरं, असं स्वरदाला नंतर अनेकदा वाटलं. "थोडे दिवस देवघरात मीच बघते," असं पद्माताई म्हणाल्या, आणि ते थोडे दिवस संपलेच नाहीत. संक्रांतीला मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला गेली, तर करंडा तिच्यापर्यंत येता येता दुसरीकडे वळला. एका बाईनं कौतुकाच्या सुरात विचारलं, "एवढ्या रात्री परक्या घरी? घरात पुरुष होते का गं?" ऋषभला ऑफिसात कुणीतरी हसत हसत म्हणालं, "भाभीजी कर्फ्यू में कहाँ थीं, यार?" त्या दिवशी तो घरी आला आणि पुढच्या खोलीत गादी घालून झोपला. "पीठ में दर्द है," म्हणाला. पाठ पुढे कित्येक महिने दुखत राहिली.

होळीनंतर तो म्हणाला, "कुछ दिन सातारा हो आओ. हवा बदल जाएगी."

"किती दिवस?"

"देखते हैं."

स्वरदाला समजलं. परतीचं तिकीट काढायचा विचार त्याच्या डोक्यात नव्हता. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

साडी आणायला म्हणून ती चौकात गेली आणि आपांकडे जाऊन सगळं बोलून मोकळी झाली. आपांनी तिचं सांत्वन केलं नाही. मध्येच एकदा उठून खिडकी लावली, कारण गल्लीत कुणी भाजीवाला ओरडत होता आणि त्यांना एकही शब्द चुकवायचा नव्हता. शेवटी एवढंच विचारलं, "बेटी, मैं इसे लिखूँ? तुम्हारा नाम नहीं होगा."

स्वरदानं होकारार्थी मान हलवली. लिहून काय होणार, असंच तिला वाटलं होतं.

जूनमध्ये आपांचा निरोप आला. लखनौजवळ मलिहाबादला एका बागवानाच्या आमराईत दर वर्षी दशहरी आंब्याच्या हंगामात मंडळी जमायची. आंबे खायचे, झाडाखाली बसून कथा वाचायच्या. यंदा आपा वाचणार होत्या. पद्माताईंनी कपाळाला आठी घातली. पण दीनानाथ पेपर खाली ठेवून म्हणाले, "मी नेतो हिला. त्या बाईंचे आभार मानायचे राहिलेत माझे." ते सहसा कशात पडत नसत. त्यामुळे पडले तेव्हा कुणी अडवलं नाही.

बसमधून उतरून दोघं बागेत शिरले तर बाहेर भट्टीसारख्या झळांचा वारा, लू वाहत होती आणि आत गर्द सावली. झाडांच्या फांद्या फळांनी जमिनीला टेकलेल्या. पाण्याच्या टबात आंबे सोडलेले. सतरंज्यांवर तीस-चाळीस माणसं: टोपीवाले वृद्ध, कॉलेजातली पोरं, एका बाजूला बायका, बुरख्यातल्या आणि बिनबुरख्याच्या. आपांनी चष्मा पुसला आणि काही प्रस्तावना न करता वाचायला लागल्या.

अयोध्येत एक बाई राहत होती, असं सुरू झालं. तिचं नाव परटीन.

"वाह, क्या नाम है," कुणीतरी पुटपुटलं. त्यांना ते एखादं जुनं, दुर्मीळ नाव वाटलं असणार.  स्वरदानं सासऱ्यांकडे पाहिलं. दीनानाथांनी मान वर केली होती.

परटीन राजवाड्याचे कपडे धुवायची. सरयूपलीकडे तिची आई आजारी होती, म्हणून ती होडीनं पलीकडे गेली. येताना नदीला पूर आला. होडी काही सुटेना. नावाड्याच्या म्हाताऱ्या आईनं तिला घरात घेतलं, कोरं मडकं दिलं आणि स्वतः चुलीपासून दूर जाऊन बसली. पूर ओसरल्यावर परटीन घरी आली. नवरा दारात उभा होता. तो बोलू नये ते बोलला.

आपांचा आवाज खाली आला. ते वाक्य दारातून निघालं आणि उडत राजवाड्यात गेलं, त्या वाचत होत्या. सगळं जग त्या वाक्याच्या मागे धावलं. कवी धावले, पंडित धावले, मुलाबाळांना गोष्टी सांगणारे धावले. जिला ते म्हटलं गेलं होतं ती तिथेच उभी राहिली. तिच्याकडे वळून बघायला कुणी मागे उरलं नव्हतं.

बागेत कुठेतरी एक आंबा टपकन पडला. कुणी तिकडे पाहिलं नाही.

मग परटीन चालायला लागते. पहाटे तिच्या मागून एक रथ येतो. ती रस्त्याच्या कडेला होते. रथात एक बाई बसलेली असते, पदर डोक्यावरून घेतलेला. परटिणीला चेहरा दिसत नाही, पण पदर ओळखू येतो. त्याच्या काठाला हळदीचा एक डाग होता, तो तिनं स्वतः दगडावर घासून फिका केला होता. ही राणी. राणीला वाटतं, आपण ऋषींच्या दर्शनाला निघालोय. खरं काय आहे ते त्या रस्त्यावर दोघांनाच ठाऊक आहे. सारथ्याशेजारी खाली मान घालून बसलेल्या दिराला, आणि नवऱ्याचं वाक्य कुठवर पोचलं ते कळलेल्या ह्या परटिणीला. राणी रथ थांबवायला सांगते. विचारते, बाई, एकटी कुठे निघालीस? परटिणीच्या ओठांवर येतं, जिथे तुम्ही निघालात तिथेच. पण ती बोलत नाही. राणीच्या चेहऱ्यावर वन बघायला मिळणार म्हणून आनंद आहे, तो तिला आणखी थोडा वेळ राहू द्यायचा असतो. रथ पुढे जातो.

शेवटचं वाक्य आपांनी पुस्ती वाचावी तसं सरळ वाचलं. एकीला ऋषीचा आश्रम मिळाला. दुसरी कुठे गेली, हे लिहिणारीला माहीत नाही.

कुणी वाहवा केली नाही.  स्वरदाच्या हातातला आंबा कधी चिरडला गेला आणि रस कोपरापर्यंत ओघळला, तिला कळलं नाही. तिची सरोजिनी नगरातली खोली, पुढच्या खोलीतली ती गादी, देवघराचं ओढून घेतलेलं दार, हे सगळं कुठल्या कुठे जाऊन पोचलं होतं! ज्या रस्त्यानं सीता गेली त्या रस्त्यावर तिलाही कुणीतरी उभं करून दाखवलं होतं. आपलं दुःख एवढं जुनं आहे, एवढ्या थोर माणसांच्या शेजारचं आहे, याचा तिला धाक वाटला. देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा नेल्यावर लहान मुलाला वाटतो तसा.

एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उठले. अदबीनं, पण नाराजीनं म्हणाले, "मोहतरमा, ज़माना नाज़ुक है. ये उनके घर की बात है. हम क्यों हाथ लगाएँ? हमारे यहाँ क्या कहानियाँ कम हैं?"

"कम कहाँ हैं, क़िबला," आपा म्हणाल्या. "तलाक़ के तीन लफ़्ज़ सुनकर गठरी उठाए जो निकलती हैं, मेरे स्कूल में उनकी बेटियाँ पढ़ती हैं. मैं उन्हीं की बात कर रही थी. धोबी हर मोहल्ले में रहता है."

बुरख्यातल्या एका बाईनं तोंडावरचा जाळीचा पडदा मागे टाकला आणि डोळे पुसले. ते गृहस्थ खाली बसले. स्वरदाला त्या क्षणी आणखी एक गोष्ट दिसली आणि ती थक्कच झाली. ही कथा ऐकताना इथल्या प्रत्येक बाईला ती आपलीच वाटली होती.

परतीच्या बसमध्ये दीनानाथ खिडकीबाहेर बघत होते. आंब्याच्या पेट्यांनी लादलेले ट्रक मागे पडत होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "परटीण. मी तीस वर्षं उर्दू ऐकतोय. आपला शब्द असा कधी ऐकला नव्हता."  उतरताना म्हणाले, "घरी तू सांग ही गोष्ट. मी सांगितली तर ती माझी होईल."

रविवारी दुपारी पद्माताई कैरीच्या फोडी मीठ लावून पसरत होत्या. ऋषभ टीव्हीसमोर होता. स्वरदानं टीव्ही बंद केला.

"अरे! मॅच चल रही है."

"दहा मिनिटं. मग लाव."

तिनं सांगायला सुरुवात केली. साध्या साताऱ्याकडच्या मराठीत, आई सांगायची तशी. कोरं मडकं आलं तशी पद्माताईंची बोटं कैरीवर थांबली. हळदीचा डाग आला तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या. राणीनं रथ थांबवला तेव्हा त्यांच्या तोंडून नकळत "अगं बाई" निघून गेलं.

"मग पुढे?" गोष्ट थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"पुढचं आपांना माहीत नाही."

"म्हणजे? तिला कुणीच घरात घेतलं नाही?"

"अजून तरी नाही, आई."

ऋषभ उठला. "ये सब किताबी बातें हैं," तो म्हणाला, पण टीव्ही लावायला गेला नाही.

"असतील," स्वरदा म्हणाली. तिचा आवाज शांत होता. तिचं तिलाच नवल वाटलं. "मी साताऱ्याला जाणार नाही, ऋषभ. इथे राहीन, नाहीतर याच शहरात दुसरीकडे राहीन. पण मी काय केलं ते तू मला तोंडावर सांग. परटानं निदान दारात उभं राहून सांगितलं होतं. तू पाठ दुखते म्हणतोस."

 सांगण्यासारखं ऋषभजवळ काहीच नव्हतं, आणि हे त्या घरात पहिल्यांदा सगळ्यांसमोर उघडं पडलं. तो चपला घालून बाहेर निघून गेला. पद्माताई बराच वेळ फोडी उलट्यापालट्या करत राहिल्या.

दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, "मला त्या बाईंकडे घेऊन चल."

चौकातल्या त्या बोळात पद्माताई पदर आवळून चालत होत्या. अम्मीनं त्यांना खाटेवर बसवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग पद्माताई एकदम आपांना म्हणाल्या, आणि घाईत मराठीतच म्हणाल्या, "अहो, तिला न्या की घरी. गोष्टच आहे ना? तुमच्याच हातात आहे. असं रस्त्यात कशाला ठेवलंत बिचारीला?"

स्वरदानं हिंदीत सांगितलं. आपा पद्माताईंकडे बघत राहिल्या.

"बहनजी, आप ले जाइए. मैं लिख दूँगी."

पद्माताईंना याचं भाषांतर लागलं नाही.  अम्मीनं सरबत आणलं, ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देवघरातून स्वरदाला हाक मारली आणि फुलांची परडी तिच्या हातात दिली.

ऋषभला वेळ लागला. तो माफी मागणाऱ्यातला नव्हता. पण पावसाळ्यात एकदा ऑफिसातलाच तो मित्र घरी आला आणि पुन्हा तोच विनोद करायला गेला, तेव्हा ऋषभनं त्याच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून घेतला. "निकल यार," एवढंच म्हणाला. त्या रात्री त्यानं गादी गुंडाळली.

पुढच्या वर्षी कथा एका छोट्या उर्दू मासिकात छापून आली. स्वरदा तोवर आपांकडून अक्षरं शिकली होती, उजवीकडून डावीकडे, लहान पोरीसारखं बोट ठेवून. आपांच्या अंगणात बसून तिनं अडखळत अडखळत सगळी कथा वाचली. शेवट वाचला आणि वर पाहिलं.

"आपा, शेवट तोच आहे. दुसरी कुठे गेली माहीत नाही. तुम्ही म्हणाला होतात, लिहीन."

"तुम तो घर चली गईं, बेटी," आपा म्हणाल्या. "वो अभी खड़ी है."

स्वरदाला आधी वाईट वाटलं, मग हळूहळू समजत गेलं. वर्षभर ती ही कथा आपली म्हणून उराशी धरून बसली होती. पण त्या कथेतल्या अनेकींपैकी ती फक्त एक होती. तिच्या मागे कोण कोण, किती लांबपर्यंत, कुठल्या काळापासून उभं होतं!  हातातलं ते पातळ मासिक तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. एक तरुण बाई आत आली. कडेवर मूल, हातात गाठोडं, डोळे सुजलेले. आपा शाळेत शिकवतात, त्यांच्याकडे जा, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. दारातच थबकून ती एकीकडून दुसरीकडे बघू लागली, कुणाशी बोलावं ते न समजून.

स्वरदा खाटेवर सरकली आणि आपल्या शेजारी जागा करून दिली.

"बैठो," ती म्हणाली. "पहले पानी पियो. फिर शुरू से बताओ."